फ्रेंच टोस्ट बाहेरून करपतो, आतून ओलाच राहतो. काय चुकतंय?

व्हर्निअर | रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात हा माझा पहिलाच धागा. एरवी मी नळ, मिक्सर आणि पंख्यांच्या धाग्यांवर सापडतो.

आधी परिस्थिती सांगतो. मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो, राहायला कराडात. सौ. एसटीत वाहक आहे आणि जूनपासून तिला पहाटेची ड्यूटी लागलीय. रविवारीसुद्धा पावणेपाचला घराबाहेर पडते. त्यामुळे रविवारचा नाश्ता माझ्या गळ्यात आला. पोहे मला येतात (सौ.च्या मते ‘येतात’ हा शब्द जरा मोठा झाला), ऑम्लेटही जमतं. पण लेक, वय वर्षे ८, मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तिथे तिनं फ्रेंच टोस्ट खाल्ला आणि तेव्हापासून दर रविवारी तोच पाहिजे.

चार रविवार झाले, चारही वाया. माझं प्रमाण असं: ३ अंडी, २०० मिली दूध, २ चमचे साखर, वेलची. दुकानातला साधा पांढरा सँडविच ब्रेड, आदल्या संध्याकाळी आणलेला, ४ स्लाइस. प्रत्येक स्लाइस मिश्रणात २ मिनिटं मुरवतो. मग नॉनस्टिक तव्यावर अमूल बटर, गॅस मोठा.

होतं काय, की स्लाइस उचलतानाच अर्धा हातात आणि अर्धा ताटलीत राहतो. कसाबसा तव्यावर नेला तर दीड मिनिटात बाहेरून काळपट. आत मात्र लगदा, आणि अंड्याचा उग्र वास. पहिल्या रविवारी लेक म्हणाली, ‘‘बाबा, छान आहे, पण मला भूक नाहीये.’’ चौथ्या रविवारी तिनं एवढंही म्हटलं नाही, सरळ बिस्किटाचा डबा काढला.

सवयीनं मी मोजमापं घेतली आहेत, हसू नका. स्लाइसची जाडी व्हर्निअरनं (बारीक जाडी मोजायचं साधन) ११ मिमी (दाबू न देता मोजणं अवघड असतं). कोरड्या स्लाइसचं वजन २८ ग्रॅम, मिश्रणातून काढल्यावर ७६ ग्रॅम. म्हणजे ४८ ग्रॅम पाणीदार माल एका स्लाइसमध्ये गेला. तो दीड मिनिटात शिजणार कसा, हे मलाही कळतंय. पण कमी मुरवलं तर मध्ये पांढरा कोरडा पट्टा राहतो, आणि मोठा गॅस केला नाही तर रंगच येत नाही. नेमकं काय बदलू?

---

नलूआत्या | रविवार, सकाळी ११:४२

अरे बाळा, २०० मिली दूध? तू टोस्ट करतोयस की खीर?

आमच्या गिरगावातल्या घरी हा प्रकार आठवड्यातून दोनदा व्हायचा, पण त्याला फ्रेंच वगैरे कुणी म्हणत नसे. अंडापाव म्हणायचे. दोन अंडी, दोनच चमचे दूध, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद. ब्रेड बुडवायचा, लगेच उलटायचा आणि तव्यावर. मुरवणं वगैरे काही नाही. मुरवायचं ते लोणचं.

कांदा घालायचा असेल तर अगदी बारीक चिर, आणि मिश्रणात टाकू नकोस. तो ब्रेडला चिकटतच नाही, सगळा ताटलीच्या तळाशी बसतो आणि शेवटच्या स्लाइसवर ढीग होतो. ब्रेड तव्यावर टाकलास की वरच्या ओल्या बाजूवर कांदा पसरायचा, चमच्यानं जरा दाबायचा, मग उलटायचा.

लेकीला गोड हवं असेल तर साखर वरून भुरभुरव. मिश्रणात घातलीस की तवा काळा होणारच.

---

साधा_माणूस | रविवार, दुपारी १२:०५

पोहे करा की राव. कशाला ही नसती उठाठेव.

---

व्हर्निअर | रविवार, दुपारी १२:२०

@साधा_माणूस, माझ्या लेकीला समजावून दाखवा, पोह्यांचा खर्च माझा.

@नलूआत्या, दूध कमी करून तिसऱ्या रविवारी बघितलं होतं, ते लिहायचं राहिलं. नुसतं अंडं जास्त झालं की ऑम्लेट गुंडाळलेला ब्रेड होतो. लेकीच्या भाषेत ‘‘मैत्रिणीकडचा आतून मऊ होता, केकसारखा.’’ मला तो केकसारखा भाग पाहिजे. साखरेचं मात्र पटलं.

---

कढईतला_केमिस्ट | रविवार, दुपारी ३:३०

अन्नतंत्रज्ञान हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आत्या, माफ करा, पण दूध गुन्हेगार नाही. ३ अंड्यांना २०० मिली म्हणजे एका अंड्याला साधारण ६५ मिली. एवढ्या प्रमाणात कस्टर्ड (अंडं-दूध शिजून घट्ट होतं ते) छान जमतं. आतला ‘केकसारखा’ मऊपणा येतो तो त्या कस्टर्डमुळेच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घट्ट होतं ते अंडं, दूध स्वतः काही घट्ट होत नाही. नुसता पांढरा बलक ६२-६५ अंशांना धरायला लागतो, पिवळा ६५-७० ला. दुधात पातळ केला की तेच काम व्हायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे ब्रेडच्या मधोमध ८० अंश पोचले पाहिजेत. तव्याला लागलेल्या पृष्ठभागाला तांबूस रंग चढायला मात्र १४० च्या पुढे जावं लागतं, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर सरकत नाही.

आता तुमचं गणित करा. ब्रेड चिंब, त्यात साखर, तवा कडक. बाहेरचं पाणी उडालं की साखर आणि बटरमधला दुधाचा अंश झपाट्यानं करपतो, आणि आत उष्णता पोचेपर्यंत तुम्ही घाबरून टोस्ट उतरवता. म्हणून गॅस मंदाच्या जरा वर ठेवा आणि एका बाजूला तीन ते चार मिनिटं द्या. पहिली बाजू होताना झाकण ठेवलंत तर वरून वाफ लागते, उलटल्यावर झाकण काढायचं. नुसत्या बटरऐवजी तूप, किंवा बटरमध्ये थोडं तेल. तुपातला दुधाचा अंश कढवताना बेरीच्या रूपात आधीच निघालेला असतो, त्यामुळे ते तितक्या लवकर करपत नाही.

आणि तो उग्र वास? अंडं नीट फेटलं गेलेलं नाही. पांढऱ्या बलकाचे गोळे ब्रेडमध्ये शिरत नाहीत, बाहेर चिकटून शिजतात. आधी अंडी मीठ घालून एकजीव फेटा, मग दूध थोडं थोडं. शंका असेल तर चहाच्या गाळणीतून गाळा.

पण तुमचा खरा घोटाळा ब्रेडचा आहे. हल्लीचा पिशवीतला ब्रेड मुद्दाम मऊ राहावा म्हणून केलेला असतो. ‘शिळा ब्रेड घ्या’ असं सगळे सांगतात, पण पिशवीत बांधून दोन दिवस ठेवलेला ब्रेड शिळा होतो, कोरडा होत नाही. स्टार्च घट्ट होतो इतकंच (फ्रिजमध्ये तर ते अजून लवकर होतं), पाणी आतच असतं. आपल्याला पाणी घालवायचंय. कोरड्या ब्रेडच्या भिंती ताठ असतात, त्यात कस्टर्ड शिरलं तरी ब्रेड उभा राहतो. ताज्या ब्रेडच्या भिंती कोसळतात आणि तुमच्या हातात अर्धा स्लाइस येतो.

रात्री स्लाइस चाळणीवर उघडे ठेवा, सकाळी वजन करून सांगा. तुमच्याकडे काटा आहे म्हणूनच सांगतोय, बाकीच्यांना मी वजनं करायला सांगत नाही.

---

तोर्रिहा_बाई | रविवार, संध्याकाळी ७:१५

मी माद्रिदमध्ये असते. इथे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी आणि प्रत्येक बेकरीत ‘तोर्रिहास’ असतात. आपला फ्रेंच टोस्टच, पण रीत वेगळी, आणि माझ्या मते व्हर्निअरदादांच्या पांढऱ्या पट्ट्याचं उत्तर त्यातच आहे.

इथे दूध आणि अंडं एकत्र करतच नाहीत. दूध दालचिनीची काडी, लिंबाची साल आणि साखर घालून उकळतात, गार करतात. ब्रेडचे चांगले दोन-अडीच सेंटीमीटर जाड काप त्या दुधात पोटभर भिजवतात. मग हलक्या हातानं उचलून फेटलेल्या अंड्यात घोळवतात आणि भरपूर तेलात तळतात. वरून दालचिनी-साखर किंवा मध. आत दुधानं चिंब, बाहेर अंड्याचं पातळ कवच. कच्चं अंडं आत शिरतच नाही, त्यामुळे ‘आतून शिजलं का’ ही काळजीच नाही.

लिंबाची साल घेताना फक्त पिवळा भाग घ्या, पांढरा आला की दूध कडू. (हे मी पहिल्या वर्षी शेजारणीच्या देखत शिकले.)

अर्थात ११ मिलिमीटरच्या स्लाइसवर हे करू नका, वरण होईल. इथे त्या दिवसांत सुपरमार्केटमध्ये तोर्रिहासाठी म्हणून वेगळा, घट्ट ब्रेड विकायला येतो. तुम्ही न कापलेला अख्खा ब्रेड आणा आणि घरी जाड काप करा.

अवांतर: फ्रान्समध्ये याला फ्रेंच टोस्ट म्हणत नाहीत. ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव.

---

नलूआत्या | रविवार, संध्याकाळी ७:३०

वाया गेलेला पाव! मग व्हर्निअरनं चार रविवार केला तो अस्सल फ्रेंचच म्हणायचा. (हलके घ्या.)

---

पोदेराची_वाट | रविवार, रात्री ९:०२

आमच्याकडे गोव्यात पोदेर (पाववाला) सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो. आदल्या दिवशीचा पाव उरला की आई त्याचे आडवे दोन काप करून हेच करायची, दुधाऐवजी नारळाचा रस आणि साखरेऐवजी गूळ. पाव दुसऱ्या दिवशी आपोआप कडक होतो, चाळणीबिळणीची गरज नाही. पोई मात्र घेऊ नका. ती कोंड्याची आणि मधून पोकळ, बुडवली की दोन पापुद्रे सुटे होतात.

कराडला बेकरीतला लादीपाव मिळत असेल ना? तो वापरून बघा.

---

अळणी | सोमवार, सकाळी ८:१५

आमच्याकडे अंडं चालत नाही, तरी लिहिते. व्हॅनिला कस्टर्ड पावडर (नावावर जाऊ नका, ती मुळात रंग आणि वास लावलेलं कॉर्नफ्लोअरच असते) २ मोठे चमचे, १ कप गार दूध, साखर. ब्रेड बुडवून लगेच तुपावर. प्रत्येक स्लाइसच्या आधी मिश्रण ढवळायचं, नाहीतर पावडर खाली बसते आणि पहिला स्लाइस नुसत्या दुधाचा निघतो. केकसारखा होत नाही, पण कडा कुरकुरीत होतात.

---

व्हर्निअर | पुढचा रविवार, सकाळी ११:५५

मंडळी, अहवाल.

काल रात्री ९ वाजता ६ स्लाइस चाळणीवर पसरले. मुंग्यांसाठी चाळण पाण्याच्या परातीत वाटीवर ठेवली. सकाळी ६ वाजता वजन: २७ ग्रॅम. रात्रभरात १ ग्रॅम गेला! केमिस्टसाहेब, तुम्ही राहता तिथे ऑगस्टमध्ये ऊन पडत असेल, इथे चार दिवस धार लागलीय आणि आगपेटीची काडीसुद्धा पेटत नाही. त्यात माझी परात पाण्याची, म्हणजे मीच खालून दमट हवा दिली. हे सकाळी सहाला लक्षात आलं.

मग सौ.चा बिडाचा तवा काढला. अगदी मंद गॅसवर, तेल-तूप काही नाही, स्लाइस एका बाजूनं ४ मिनिटं आणि दुसऱ्या बाजूनं ४. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त वाफ जाऊ द्यायची. मग ताटलीत न ठेवता चाळणीवर गार केले, कारण पहिल्या दोनांखाली ताटलीला घाम आला होता. वजन २३ ग्रॅम. आता स्लाइस पत्र्यासारखा ताठ, हातात धरला तर वाकत नाही.

मिश्रण कमी केलं: २ अंडी, १०० मिली दूध, चिमूटभर मीठ, वेलची, साखर शून्य. गाळणीतून गाळलं. गाळणीत बलकाचा एवढा मोठा लोळ निघाला की गेले चार रविवार आम्ही काय खात होतो ते कळलं. खोलगट ताटलीऐवजी पसरट ताटात ओतलं, म्हणजे स्लाइस पोहत नाही, फक्त बसतो. एका बाजूला २० सेकंद, दुसऱ्या बाजूला २०. वजन ६१ ग्रॅम. म्हणजे आत ३८ ग्रॅम गेलं, पूर्वीपेक्षा १० ग्रॅम कमी, आणि उचलताना एकही तुकडा पडला नाही.

तव्यावर १ चमचा तूप, मंदाच्या वर गॅस. पहिली बाजू साडेतीन मिनिटं झाकण ठेवून, दुसरी तीन मिनिटं उघडी. पहिला स्लाइस मधून कापून बघितला. ओला नाही, कोरडा पट्टाही नाही. सगळीकडे सारखा पिवळसर मऊ. रंग गव्हाळ आला, हॉटेलसारखा तांबूस नाही, पण त्यासाठी मी गॅस वाढवायच्या फंदात पडलो नाही.

वर काय घालायचं यावर अडलो. लेकीला मेपल सिरप पाहिजे होतं. दुकानातल्या बाटलीवरची किंमत बघितली आणि ती बाटली जागेवर ठेवली. (वाचलं की १ लिटर सिरपला झाडाचा ४० लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो. मग किंमतीबद्दल राग गेला, पण पैसेही गेले नाहीत.) शेजारची ‘पॅनकेक सिरप’ लिहिलेली स्वस्त बाटली मागून वाचली तर साखरेचा पाक, रंग आणि वास. मग आठवलं की घरात काकवी आहे. आमच्या भागात गुऱ्हाळांना तोटा नाही, गेल्या हंगामात मेव्हण्यानं बाटली भरून दिली होती. थंड काकवी घट्ट असते, वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की धार धरते. रंगही मेपलसारखाच दिसतो, लेकीला मी काही बोललो नाही, तिनंही विचारलं नाही.

तिनं तीन स्लाइस खाल्ले. तिसऱ्याला काकवी नको म्हणाली, नुसतं मीठ-मिरपूड मागितलं. तेव्हा आत्या, पुढच्या रविवारी तुमचा अंडापाव, कांदा वरून.

तोर्रिहा ताई, तुमची रीत दिवाळीच्या सुट्टीत करणार. अख्खा ब्रेड मिळाला, पण २५ मिमीचे सरळ काप माझ्या सुरीनं होत नाहीत. हॅक्सॉला घरात मनाई आहे.

---

कढईतला_केमिस्ट | रविवार, दुपारी १२:३०

पाण्याच्या परातीवर ब्रेड वाळवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. तव्यावर वाळवायची युक्ती मात्र पावसाळ्यासाठी उत्तम, माझ्याकडून लिहायची राहिली. ६१ ग्रॅमला थांबा, त्याच्या पुढे जाऊ नका.

---

व्हर्निअर | रविवार, दुपारी ३:४०

एक शेवटचा प्रश्न. सौ. दोनला ड्यूटी संपवून येते, तिच्यासाठी दोन स्लाइस स्टीलच्या डब्यात ठेवले होते. डबा उघडला तर झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं आणि टोस्ट गिच्च. तिनं ओट्याशी उभ्या उभ्या चहाबरोबर खाल्ला, म्हणाली, ‘‘शिऱ्यासारखा लागतोय, पण चांगलाय.’’ हे कौतुक समजू की काय समजू? आणि पुन्हा गरम कसा करायचा?

---

नलूआत्या | रविवार, दुपारी ४:०५

गरमच डब्यात कोंबलास ना? आधी चाळणीवर गार होऊ दे, मग डब्यात घाल, आणि झाकण तिरकं ठेव. ती आली की कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट, तूप नको. मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस, चामडं होतं.

आणि पहाटे पावणेपाचला बाहेर पडलेल्या बाईनं दोन वाजता ‘चांगलाय’ म्हटलं तर ते कौतुकच समज. पुढच्या वेळी तिचे दोन स्लाइस बुडवायचेच ठेव, नुसते वाळवून ठेव. ती चपला काढेपर्यंत तवा तापतो.